जबानी आणि सहनिर्मिती

मराठी समीक्षेने कलाकृतीचा विचार करताना तिचा कर्ता एक असतो, हे बहुधा गृहीतच धरलेले आहे. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित झाला, तेव्हाही दोन्ही पक्षांना कलावंत एकटाच दिसत होता. त्या एकट्याने दृष्टी कोठे लावावी, एवढ्यापुरताच मतभेद होता. बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाने चर्चेची पातळी बदलली आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांची परिभाषा समीक्षेला दिली. तथापि ही लय सिद्ध करणारे मनही एकच मानलेले होते. ज्या कलाकृतीला दोन कर्ते आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या डोक्यावर छप्पर आहे व दुसऱ्याच्या नाही, तिच्याविषयी काय म्हणावे, हा प्रश्न या चौकटीत उद्भवतच नाही. गेल्या चार दशकांत मात्र तो वारंवार उद्भवला आहे. पदपथावर, पुलाखाली, रेल्वेच्या फलाटावर किंवा केव्हाही उठवली जाईल अशा वस्तीत राहणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन नाटक, चित्रपट वा चित्र घडवण्याचे प्रयोग झाले आहेत आणि होत आहेत. त्यांविषयी लिहिताना समीक्षा एक तर कौतुकाचा सूर लावते, नाही तर हे समाजकार्य आहे असे म्हणून त्यांना आपल्या विचाराबाहेर ठेवते. दोन्ही प्रकारांत कलाकृतीकडे पाहणे टळते.

या प्रश्नाची चर्चा जबलपूरपासून आरंभावी, हे प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटेल. परंतु वाटेवरच्या माणसाचे बोलणे घरात राहणाऱ्याने ग्रंथबद्ध करावे आणि त्याच्या हातांकडून देखणी वस्तू घडवून घ्यावी, या दोन्ही गोष्टी एकाच काळात आणि एकाच यंत्रणेच्या देखरेखीखाली या गावात घडल्या. नागपूरकर भोसल्यांच्या हातून हा मुलूख १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे विल्यम हेन्री स्लीमन यांनी ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे येथे केले. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना त्यांनी समोर बसवले, प्रश्न विचारले, उत्तरे उतरवून घेतली, आणि त्यांच्या गुप्त बोलीचा कोश व ही प्रश्नोत्तरे १८३६ मध्ये कलकत्त्यास 'रामासियाना' या नावाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेस पुरेसा अपराध ठरला. १८३७ च्या सुमारास जबलपुरात उद्योगशाळा निघाली आणि साक्षीदार व त्यांची मुले तेथे तंबू करू लागली, गालिचे विणू लागली. १८३९ मध्ये निजामाच्या राज्यात चाकरी करणाऱ्या फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनमध्ये प्रकाशित झाली. तीत अमीर अली नावाचा ठग आपली जीवनकथा एका साहेबाला सांगतो. साहेब मधूनमधून बोलतो, एरवी ऐकतो आणि लिहून घेतो.

या लेखनाला वाङ्मयीन गुण नाहीत असे म्हणता येणार नाही. 'रामासियाना'तील प्रश्नोत्तरांत शकुन-अपशकुन, देवी भवानी, प्रवाशाशी जमवलेली मैत्री आणि नंतरचा घात यांविषयी साक्षीदार ज्या सहजतेने बोलतात, ती वाचणाऱ्याला खिळवून ठेवते. टेलर यांच्या कादंबरीतील निवेदनाला तर ओघ आहे, चतुराई आहे, पश्चात्ताप आणि अभिमान यांची विलक्षण सरमिसळ आहे. दोन्ही ग्रंथांत दोन माणसांचे योगदान आहे: एकाने अनुभव दिला, दुसऱ्याने घाट दिला. मग यांना सहनिर्मिती का म्हणू नये?

म्हणू नये, याचे कारण सांगणारा आणि लिहून घेणारा यांच्यातील नात्यात आहे. साक्षीदाराचा जीव त्याच्या उत्तरावर टांगलेला होता. उत्तर पुरेसे रंगतदार, पुरेसे उपयुक्त आणि विचारणाऱ्याच्या कल्पनेशी जुळणारे असेपर्यंत त्याची मान फासापासून दूर राहत होती. ठगी हा खरोखर एक प्राचीन धर्मपंथ होता, की भिन्नभिन्न वाटमाऱ्यांना एका सूत्रात ओवून इंग्रजी अंमलाने घडवलेली ती प्रतिमा होती, याविषयी इतिहासकारांत दीर्घ वाद आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो, समीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट त्याआधीच स्पष्ट होते. येथे सांगणाऱ्याला गप्प राहण्याचा अधिकार नव्हता. कशानंतर काय यावे हे ठरवण्याचा नव्हता. आणि गोष्ट कोठे संपवावी हे तर त्याच्या हाती मुळीच नव्हते. अशा उक्तीला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे जबानी. जबानी खोटीच असते असे नाही. ती खरी असू शकते, हृदयद्रावक असू शकते, तिची भाषाही समृद्ध असू शकते. पण तिचा घाट तिच्या वक्त्याचा नसतो. उद्योगशाळेतील गालिच्याबद्दलही हेच म्हणता येईल. हात विणणाऱ्याचे होते, परंतु न विणण्याची मुभा त्या हातांना नव्हती.

ठग म्हणून धरलेले सगळेच लोक बेघर होते, असे मात्र नाही. पुष्कळांना गावे होती, घरे होती, शेतीभाती होती. परंतु वाट तुडवणारा माणूस हा स्वभावतःच संशयित, ही जी धारणा या मोहिमेतून दृढ झाली, तिचा वारसा खऱ्याखुऱ्या भटक्यांच्या वाट्याला आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण हजेरी आणि झडती यांची आठवण राहिली. परिणाम असा, की रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला आपली हकिकत सांगण्याचा सराव आधीच झालेला असतो. पोलिसाला एक हकिकत, नगरपालिकेच्या मोजणीदाराला दुसरी, अन्नदान करणाऱ्याला तिसरी, वार्ताहराला चौथी. ज्याच्याकडे काही देण्याची अथवा हिरावून घेण्याची सत्ता आहे, त्याला काय ऐकायचे असते हे तो पुरते जाणतो. वही घेऊन त्याच्यासमोर बसणारा कलावंत या ओळीतील पाचवा असतो. आपल्याला कच्चा, अस्पर्श अनुभव मिळाला असे त्याला वाटते; वस्तुतः त्याला मिळालेला असतो पुष्कळदा सांगून घासलेला, मागणीनुसार बेतलेला घाट. या क्षेत्रातील पहिली अडचण ही आहे, आणि सदिच्छेने ती दूर होत नाही.

जबानीखेरीज दुसरे नाते शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी मराठी परंपरेत आणखी मागे जावे लागते. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी जी भारुडे रचली, त्यांत वासुदेव, जोशी, पांगुळ, गारुडी, गोंधळी, महार अशा व्यक्ती स्वतः बोलतात. यांतील बहुतेक दारोदार फिरणारे, मागून खाणारे, गावाच्या कडेला किंवा वाटेवर राहणारे. नाथांनी त्यांची जीवनकथा विचारली नाही. त्यांनी त्यांचा घाट घेतला. वासुदेवाची चाल, जोश्याची भविष्य सांगण्याची लकब, गारुड्याचे गर्दी जमवणे हे सर्व त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर घडवलेले कलारूप होते. नाथांनी त्यात अध्यात्माचा आशय भरला. जबलपुरात आशय वाटेवरच्या माणसाचा आणि घाट घरच्याचा होता. पैठणला हे उलट झाले. हे नाते अधिक आदराचे आहे यात शंका नाही. रस्त्यावरच्या माणसाजवळ केवळ दुःख नसते, कला असते, ही ओळख त्यात आहे. तरीही ते सहनिर्मितीचे नाते नव्हे. वेष घेतला गेला. ज्याचा वेष होता, तो रचनेच्या वेळी समोर बसलेला होता किंवा काय, हे भारूड सांगत नाही.

आधुनिक मराठी साहित्यात या दोन टोकांमधील अंतर हळूहळू कमी होत गेले. जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी १९६३ ची. मुंबईच्या झोपडपट्टीतील जगण्याकडे तिने डोळे न मिटता पाहिले, पण पाहणारा बाहेरचा होता आणि ते तिने लपवले नाही. तिच्यावरून रवींद्र धर्मराज यांनी केलेल्या चित्रपटाला १९८१ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने पाहणे आणि बोलणे यांतील भिंतच पाडली. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना या संग्रहाला आहे, आणि पांढरपेशा वाचकाला अनोळखी असलेल्या मुलखात त्याला नेण्याची कामगिरी ती करते. स्लीमन यांनी वाटेवरची बोली कोशात पकडली, ती बोलणाऱ्याला पकडता यावे म्हणून. ढसाळांनी आपली बोली काव्यात आणली आणि ती समजून घेण्याचे ओझे वाचकावर टाकले. शब्द तेच राहिले, बदलावे वाचकाला लागले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले; दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. पोलिसी शिक्का असलेला शब्द गायकवाडांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणला, तेव्हा जबानीची दिशाच उलटली. ज्याची चौकशी होत होती, तोच प्रश्न विचारू लागला.

परंतु ही स्वकथने सहनिर्मितीचा प्रश्न सोडवत नाहीत; ती त्याला ओलांडून जातात. लेखणी हाती येईपर्यंत लेखक शाळेत गेलेला असतो, संघटनेत आलेला असतो, रस्त्यावरून थोडातरी बाजूला झालेला असतो. जो अद्याप तेथेच आहे, ज्याला अक्षरओळख नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी कलेचा मार्ग बहुधा समूहाचा असतो आणि बहुधा प्रयोगाचा असतो. म्हणून या प्रश्नाची खरी कसोटी रंगमंचावर आणि पडद्यावर लागते.

या दृष्टीने मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' हा १९८८ चा चित्रपट अजूनही विचारात घ्यावा लागतो. सूनी तारापोरवाला यांची पटकथा असलेल्या या चित्रपटासाठी मुंबईच्या रस्त्यावरील मुलांची कार्यशाळा घेण्यात आली. तिचे मार्गदर्शन रंगकर्मी बॅरी जॉन यांनी केले आणि तीतूनच मुलांची निवड झाली. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला, कृष्णाची भूमिका करणाऱ्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि रस्त्यावरील मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' ही संस्था त्यातून उभी राहिली. या कार्यशाळेच्या हकिकतींत एक गोष्ट सांगितली जाते: मुले आरंभी हिंदी चित्रपटांच्या धाटणीने अभिनय करीत, आणि तो अभिनय त्यांच्याकडून काढून टाकावा लागला. ही गोष्ट सामान्यतः दिग्दर्शनाच्या यशाची म्हणून सांगितली जाते. समीक्षेने येथे थांबले पाहिजे. गाणे, मारामारी, शेवटी वाईटाचा बीमोड हा त्या मुलांचा आपला घाट होता. तो त्यांनी पैसे मोजून, खालच्या वर्गाच्या बाकावर बसून आत्मसात केला होता. वास्तववाद ही त्यांची मागणी नव्हती. 'हे असे असते' असा प्रत्यय ज्याला हवा होता, तो प्रेक्षक घरात राहणारा होता. म्हणजे मुलांचे चेहरे, आवाज, चाल आणि अनुभव चित्रपटात आले, परंतु कलाविषयक अभिरुची या क्षेत्रात अखेरचा शब्द दुसऱ्या पक्षाचाच राहिला.

तरीही चित्रपट जबानीच्या पातळीवर राहत नाही, आणि त्याचे कारण चित्रपटातच आहे. कृष्णा रस्त्यावरच्या पत्रलेखकाला पैसे देऊन आईला पत्र लिहवून घेतो, तो प्रसंग आठवावा. पत्रलेखकाची छोटी भूमिका इरफान खान यांची आहे. मुलगा सांगतो, लेखक लिहितो, आणि पत्त्याच्या अभावी ते पत्र कोठेही पोहोचणार नाही हे प्रेक्षकाला कळते. निरक्षराचा शब्द आणि साक्षराची लेखणी यांच्यामधील सगळी दरी या एका प्रसंगात उघडी पडते. किंबहुना चित्रपट येथे नकळत स्वतःविषयीच बोलतो. अखेरीस गणपतीच्या मिरवणुकीत कृष्णाची ताटातूट होते आणि तो भोवरा हातात घेऊन एकटा बसतो. त्याला वाचवणारा कोणी येत नाही. या अनुकंपारहित शेवटाने चित्रपटाची प्रामाणिकता राखली आहे. पुढे शफीक सय्यद बंगळूरला रिक्षा चालवू लागल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. या वस्तुस्थितीने चित्रपट लहान होत नाही. रिक्षा चालवणे हा अपमानही नव्हे. परंतु चित्रपटाचे श्रेय एका पक्षाच्या जीवनात साठत गेले आणि दुसऱ्या पक्षाच्या जीवनात एक प्रसंग होऊन राहिले, याची नोंद सहनिर्मितीच्या विचारात करावीच लागते.

महाराष्ट्रातील नंतरच्या दोन प्रयत्नांनी हा तोल थोडाफार बदलला. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी 'समता विचार प्रसारक संस्थे'च्या सहकार्याने २०१४ मध्ये 'वंचितांचा रंगमंच' ही चळवळ सुरू केली. वस्त्यांतील मुलांमुलींनी आपल्या अनुभवांवर आपणच नाटिका रचाव्यात आणि आपणच कराव्यात, अशी तिची कल्पना. बालरंगभूमीवर दीर्घकाळ काम केलेल्या आणि २०२० मध्ये निवर्तलेल्या मतकरींनी येथे लेखकाची जागा स्वतःकडे ठेवली नाही, यात या प्रयोगाचे महत्त्व आहे. कसबी लेखकाने लेखणी खाली ठेवणे हे वाटते तितके सोपे नसते. त्याला चांगले वाक्य सुचत असते आणि ते गिळावे लागते.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा २०२२ चा हिंदी चित्रपट नागपूरचा. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलच्या कार्यावर तो आधारलेला आहे, आणि नागपुरातील अव्यावसायिक तरुण त्यात प्रमुख भूमिकांत आहेत. त्यांची हिंदी-मराठीची नागपुरी मिसळ चित्रपटाने पुसून काढलेली नाही. तीच चित्रपटाची भाषा झाली आहे. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतील त्यांचे नाचणे हे कोणाच्या अभिरुचीसाठी सौम्य केलेले नाही. 'सलाम बॉम्बे'च्या कार्यशाळेने जे काढून टाकले, ते गाणे, तो जल्लोष, ती ऐट 'झुंड'ने परत घेतली, आणि त्यामुळे या तरुणांचा आनंदही पडद्यावर आला. पारपत्रासाठी ओळख सिद्ध करण्याची त्यांची धडपड दाखवताना तर जबानीचाच विषय पुन्हा येतो: जो आहे, त्याने आपण आहोत याचा पुरावा द्यायचा. उणीवही सांगितली पाहिजे. कथेच्या मध्यभागी एक महान नट उद्धारकर्त्याच्या भूमिकेत उभा असल्यामुळे उत्तरार्धात घाटाचा कल त्याच्याकडे झुकतो, आणि झुंडीची गोष्ट अधूनमधून तिच्या शिक्षकाची गोष्ट होते.

या संदर्भात महाराष्ट्राबाहेरील एका नाट्यप्रयोगाचा निर्देश अटळ आहे. अहमदाबादेतील छारानगर ही गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळातील वसाहतीतून वाढलेली छारा समाजाची वस्ती. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी १९९८ मध्ये विमुक्त व भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा तरुण पोलिसांच्या कोठडीत मरण पावला होता आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याविषयी निकाल दिला होता. या प्रकरणाच्या कागदपत्रांवरून छारानगरच्या तरुणांनी 'बुधन' हे नाटक उभे केले, आणि त्याच नावाने त्यांची नाट्यसंस्था ओळखली जाऊ लागली. येथे जबलपूरची प्रक्रिया अक्षरशः उलटी फिरलेली दिसते. तेथे जिवंत माणसाच्या बोलण्याचे सरकारी कागद झाले. येथे सरकारी कागदांचे पुन्हा जिवंत माणसाचे बोलणे झाले. शिवाय नटांनी आपली कहाणी सांगितली नाही. दूरच्या, आपल्यासारख्याच शिक्का बसलेल्या माणसाची सांगितली. आपल्या दुःखाचे प्रदर्शन करण्याच्या सक्तीतून ते अशा रीतीने सुटले. वंचिताने नेहमी आत्मकथनच करावे, ही अपेक्षादेखील एक प्रकारची चौकशीच असते. परकायाप्रवेश हा नटाचा मूलभूत अधिकार आहे, आणि तो छारानगरच्या नटांनी बजावला.

एवढ्या उदाहरणांवरून सहनिर्मितीची काही लक्षणे सांगता येतात. पहिले, न सांगण्याचा अधिकार: ज्याचा अनुभव आहे, त्याला त्यातील काही भाग झाकून ठेवता आला पाहिजे. दुसरे, घाट बदलण्याचा अधिकार: गाणे हवे की नको, शेवट कसा असावा, कोणते पात्र हास्यास्पद असावे, यांत त्याचा शब्द चालला पाहिजे. तिसरे, नेण्याचा अधिकार: प्रयोग संपल्यावर नाव, मोबदला आणि कसब यांतील काहीतरी त्याच्यापाशी उरले पाहिजे. ही तिन्ही नाकारून जे घडते, ते कितीही सुंदर असले तरी जबानी आहे.

यांतील दुसऱ्या लक्षणाला एक व्यावहारिक बाजूही आहे. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला उद्या तेथून उठवले जाऊ शकते. आजचा नट उद्या तालमीला येईलच याची शाश्वती नसते. त्याने येऊ नये अशी त्याची इच्छा असते म्हणून नव्हे, तर रात्रीतून पदपथ मोकळा केला गेलेला असतो म्हणून. तीन अंकांची बंदिस्त रचना अशा मंडळीला झेपत नाही, आणि मग त्यांच्यात शिस्त नाही असा निष्कर्ष काढला जातो. मराठी लोकरंगभूमीने या अडचणीचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. गण, गवळण, बतावणी, वग असे सुटे सांधे असलेला तमाशा, एकेकट्याने उभे करता येणारे भारूड, हजरजबाबीवर चालणारी संवादरचना यांत एक माणूस गळाला तरी प्रयोग कोसळत नाही. नव्या नाट्यविचाराला हे रूप शिथिल वाटले. ते शिथिल नसून वाटेवरच्या जीवनाशी सुसंगत होते. आज असा प्रयोग करू पाहणाऱ्याला घाटाचे हे शहाणपण घरातच उपलब्ध आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे सर्व नीतीचे निकष आहेत, सौंदर्याचे नव्हेत. कलाकृती कशी घडली याच्याशी रसिकाला कर्तव्य नाही. या आक्षेपाला उत्तर मर्ढेकरांच्या परिभाषेतच देता येते. कलाकृतीची लय केवळ संवादाने सिद्ध होत नाही. विरोधही तीत असावा लागतो, आणि समतोल या दोहोंमधून साधावा लागतो. सहनिर्मितीतील दोन पक्षांच्या जीवनात विरोध आहेच. ज्या कलाकृतीत तो दडपून सगळे एकसुरी गोड केले जाते, तीत नट कृतज्ञ दिसतात, संवाद शिकवलेले वाटतात, शेवट आशादायक होतो आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. हा नीतीचा दोष आहेच, पण तो लयीचा दोषही आहे आणि कानाला कळतो. उलट पत्रलेखकाच्या प्रसंगात दोघांमधील विरोधच घाटाला आकार देतो. सत्तेची विषमता कलाकृतीबाहेर राहत नाही. ती वाक्यात, विरामात आणि शेवटात उतरते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: उपेक्षितांच्या कलेला कठोर निकष लावणे हा अन्याय आहे; त्यांनी काही केले हेच पुष्कळ. हा युक्तिवाद वरवर उदार आणि मुळात अपमानकारक आहे. ज्याचे मूल्यमापन होत नाही, त्याला कलावंत मानलेले नसते. वस्तीतील मुलांनी केलेली नाटिका रटाळ असेल तर ती रटाळ आहे असे म्हणण्याइतका मान तिला दिला पाहिजे, आणि ती रटाळ का झाली, घाट त्यांचा होता की त्यांच्यावर लादलेला, हे शोधण्याइतके कष्टही घेतले पाहिजेत. दयेने वाजवलेली टाळी आणि पोलिसाने केलेली नोंद यांत एक साम्य आहे: दोन्हींना समोरच्याने काय घडवले, याच्याशी कर्तव्य नसते.

जबलपूरजवळ, आजच्या कटनी जिल्ह्यात, स्लीमनाबाद या नावाचे गाव आहे. ज्याने लिहून घेतले, त्याचे नाव भूमीवर राहिले. ज्यांनी सांगितले, त्यांची नावे दप्तरात राहिली, तीही आरोपी म्हणून. नर्मदाकाठच्या या शहराच्या स्थानकावर, घाटांवर आणि पदपथांवर आजही माणसे राहतात, आणि हीच गोष्ट नागपूरची, मुंबईची, ठाण्याची आहे. त्यांच्यासोबत काही घडवू इच्छिणाऱ्या कलावंताने हा इतिहास जाणून घ्यावा, तो खजील होण्यासाठी नव्हे, तर आपण कोणाच्या जागेवर बसलो आहोत हे कळण्यासाठी. समोरचा माणूस ज्या दिवशी 'हे नको, असे करू' असे म्हणेल, आणि त्याप्रमाणे प्रयोग खरोखर बदलेल, त्या दिवशी जबानी संपून सहनिर्मितीला आरंभ झाला असे समजावे. समीक्षेनेही अशा कृतींकडे जाताना कोणाचे दुःख किती, हे मोजण्याऐवजी त्या बदलाच्या खुणा शोधाव्यात.